धुता येईल अशी गोधडी

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारणपणे ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या दिवसांत भिजलेले जाड अंथरूण लवकर सुकत नाही. पौष-माघात गारठा पडतो, तेव्हाही गोधडीवाचून चालत नाही. भाताची झोडणी आटोपली, की स्त्रिया सुईदोरा घेऊन बसतात. एका गोधडीमागे त्यांचे कित्येक दिवसांचे श्रम असतात. परंतु कापडाची निवड चुकल्यास ते पहिल्याच धुण्यात वाया जातात. फाटेल या भीतीने गोधडी धुतलीच नाही, तर मळ, ढेकूण व कुबट वास घरात ठाण मांडतात. यास्तव कापड निवडतानाच धुण्याचा विचार करावा.

कापडाची पारख

गोधडीस सुती कापड सर्वांत चांगले. ते घाम शोषते व उकळते पाणी सोसते. जुने लुगडे, धोतर, सदरा यांचे कापड दोन्ही हातांनी ताणून पाहावे. थोड्या ताणाने विरणारे कापड आतल्या थरासही घेऊ नये, कारण ते आतच फाटून त्याचे गोळे होतात. लुगड्याचा मधला भाग बहुधा विरलेला असतो. काठाजवळचा भाग टिकाऊ असतो, तो बाहेरच्या बाजूस वापरावा.

कापड सुती आहे किंवा नाही याची शंका असल्यास एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याची कठीण गुठळी होते. वितळणारे कापड अंगास चिकटून भाजते. म्हणून चुलीजवळ निजणाऱ्यांच्या व लहान मुलांच्या गोधडीत ते घालू नये.

नवे कापड धुतल्यावर आटते, जुने आटत नाही. दोन्ही एकत्र शिवल्यास गोधडी आक्रसते व जुन्या कापडावर ताण येऊन ते फाटते. म्हणून नवे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच घ्यावे. गडद रंगाच्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळावा. रंग उतरत असल्यास ते कापड वेगळे धुवावे. तरीही रंग जात राहिल्यास ते वगळावे.

कीटकनाशकाची फवारणी करताना घातलेले कपडे व कीटकनाशकाची पोती गोधडीस कधीही वापरू नयेत. धुतल्यानंतरही विषाचा अंश कापडात राहू शकतो, आणि गोधडीत तान्हे मूल रात्रभर निजते.

शिवण

कोकणातील हवेत फार जाड गोधडी सोयीची नाही. चार-पाच थर पुरेत. एका जाड गोधडीपेक्षा दोन पातळ गोधड्या अधिक ऊब देतात, हलक्या राहतात व लवकर सुकतात. दोरा सुती व मजबूत असावा. धावदोऱ्याच्या ओळी दोन बोटांपेक्षा अधिक अंतरावर नसाव्यात, म्हणजे आतील तुकडे सरकत नाहीत.

धुणे व वाळवणे

चैत्र-वैशाख हा गोधड्या धुण्याचा योग्य काळ होय. भिवपुरी व खोपोली येथील जलविद्युत केंद्रांतून सुटणारे पाणी अनुक्रमे उल्हास व पाताळगंगा या नद्यांस मिळते. त्यामुळे तेथे उन्हाळ्यातही पाणी असते. मात्र पिण्याचे पाणी भरण्याच्या जागेच्या खालच्या अंगासच धुवावे. साबणाचे पाणी प्रवाहात न सोडता काठापासून दूर जमिनीवर ओतणे अधिक चांगले.

प्रथम गोधडी झटकावी. रक्ताचे व दुधाचे डाग थंड पाण्यानेच काढावेत. गरम पाण्याने ते पक्के होतात. नंतर साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून पायांनी तुडवावी. धोपटण्याने बडवल्यास टाके तुटतात. फेस निघेनासा होईपर्यंत खळबळावी. पिळू नये, घडी घालून उतरत्या दगडावर दाबावी.

ओली गोधडी जड असते व एकाच दोरीवर तिच्याच भाराने फाटते. ती दोन-तीन बांबूंवर पसरावी व दुपारी उलटावी. घडी घालण्यापूर्वी थर जाड असलेल्या जागी हात लावून पाहावा. स्पर्श गार लागल्यास आत ओल आहे असे समजावे. अशी गोधडी ठेवून दिल्यास तिला बुरशी लागते.

पावसाळ्यातील खरूज

घरात खरूज आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने सर्व माणसांनी एकाच दिवशी औषध लावावे. अन्यथा बरे झालेल्यास ती पुन्हा लागते. रुग्णाने वापरलेली गोधडी उकळत्या पाण्यात धुवावी. पावसामुळे धुणे शक्य नसल्यास ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस, शक्यतो आठवडाभर बाजूस ठेवावी. माणसाच्या अंगापासून दूर राहिल्यास खरजेचे किडे सहसा दोन-तीन दिवसांत मरतात.

कार्यकर्त्यांसाठी

बचत गटाच्या बैठकीत पुढील प्रात्यक्षिक दाखवावे. न भिजवलेल्या नव्या सुती कापडाचा हातभर तुकडा तेवढ्याच जुन्या तुकड्यावर शिवावा. दुसऱ्या जोडीत भिजवून वाळवलेले नवे कापड घ्यावे. दोन्ही धुवून, वाळवून शेजारी ठेवाव्यात. पहिलीच्या सुरकुत्या पाहिल्यावर अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.