चाकाची पाठ वाचा

मसल कारची हौस आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं घर, हा योग मला मोठा वाटतो. आज टेस्लाच्या गाड्या बनतात त्याच जागेवर १९६०च्या दशकापासून १९८२पर्यंत जनरल मोटर्सचा कारखाना होता. शेव्हरोले शेव्हेल आणि पॉन्टिअॅक जीटीओ या नामांकित मसल कार तिथूनही बाहेर पडत. चाकांचं वेडही याच भागातलं. अमेरिकन रेसिंग ही चाकं बनवणारी कंपनी १९५६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, आणि १९६८च्या ‘बुलिट’ चित्रपटात त्याच शहराच्या चढउतारांवर उडणाऱ्या मस्टँगला तिचीच चाकं होती. त्यामुळे इथे गाडी घेतली की चाकं बदलायची इच्छा होणं स्वाभाविक आहे. ती मारू नका, एवढंच सांगणं की चाक नुसतं पुढून पाहून विकत घेऊ नका.

माझी मस्टँग जीटी २०१५ची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने तिला काळीभोर, खोलगट, वीस इंची चाकं बसवली होती आणि ती दिसायची देखणी. पण ८८० महामार्गावर ताशी साठ मैलांच्या पुढे गेलं की स्टीअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, थरथर तशीच. शेवटी एका वयस्कर टायरवाल्याने पुढचं चाक काढलं आणि पालथं घालून दिव्याखाली धरलं. मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं आणि ती फट भरणारी कडी नव्हती. आतली कड एका जागी दबलेली होती. एक आरा जिथे रिमला मिळतो तिथे केसाएवढा बारीक तडा गेला होता. चाकाच्या पाठीवर माप सोडून काहीच कोरलेलं नव्हतं, भार किती पेलतं तेही नाही आणि बनवणाऱ्याचं नावही नाही. ते चाक त्याने पुन्हा चढवायला साफ नकार दिला. आदल्याच दिवशी मुलीला शेजारी बसवून मी नाइल्स कॅन्यनच्या वळणांवरून आलो होतो. तिथे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ओढा आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अमेरिकेत प्रवासी गाडीचं प्रत्येक नवं चाक सरकार आधी तपासून पास करत नाही. जबाबदारी बनवणाऱ्यावर असते, म्हणून चौकशी आपणच करायची. चाकाच्या पाठीवर, आऱ्यांच्या मागे किंवा हबजवळ, भाराचा आकडा शोधा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं. मोठा आकडा घ्या आणि निम्मा करा. अॅक्सलला २१०० पौंड असतील तर एका चाकाने किमान १०५० पेलायलाच हवेत, आणि थोडं जास्त असलेलं बरं. त्यानंतर ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ ही जपानी चिन्हं पाहा. पहिलं बनवणारा स्वतःच्या चाचणीवर लावतो, दुसऱ्यामागे बाहेरच्या संस्थेची तपासणी असते. अमेरिकेत ‘एसएई जे२५३०’ या मानकात वाकण्याचा थकवा, भाराखाली फिरण्याचा थकवा आणि आघात या तिन्ही चाचण्या येतात. विक्रेत्याला विचारा, हे चाक या मानकाला उतरलंय का, आणि कागद दाखवता का? चांगला विक्रेता या प्रश्नाने चिडत नाही. नुसतं चिन्ह पाहून मात्र थांबू नका, नकली चाकांवर चिन्हंही नकली असतात. ज्या कंपनीचा पत्ता, वॉरंटी आणि प्रत्येक मापाचा भार लेखी मिळतो तिचंच चाक घ्या.

ओतीव की घडीव, हा वाद हौशी मंडळींत रात्रभर चालतो. माझं मत सरळ आहे. रोजच्या वापराला नामवंत कंपनीचं ओतीव चाक पुरतं. त्याच्यावरची पायरी म्हणजे फ्लो-फॉर्म्ड: मधला भाग ओतलेला, बाहेरचा घेर तापवून रुळांनी दाबत ताणलेला. तो घेर पातळ होऊनही मजबूत राहतो आणि चाक हलकं होतं. पूर्ण घडीव चाक सर्वांत उत्तम, पण महाग. ट्रॅकवर जाणार नसाल तर तेवढे पैसे चांगल्या टायरवर घाला. बिननावाच्या नकलेपेक्षा कंपनीचं मूळ चाक कधीही चांगलं.

आता मापं. नव्या मस्टँगचे पाच स्टड ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, डॉज चॅलेंजरचे ११५वर. फरक पाऊण मिलिमीटरही नाही, त्यामुळे एकाचं चाक दुसऱ्यावर ‘बसतंय की’ असं सांगणारे भेटतात. तसंच जुन्या शेव्हेलचं १२०.६५ आणि २०१०पासूनच्या शेव्हरोले कमॅरोचं १२०. असं चाक नट आवळून ओढत बसवलं की स्टडवर वाकडा ताण येतो आणि चाक नेमकं मध्यावरही येत नाही. मस्टँगच्या हबचा व्यास सुमारे ७०.५ मिलिमीटर. बाजारातल्या पुष्कळ चाकांचं भोक ७३.१, म्हणजे कडी हवीच, आणि जोरात ब्रेक लावणाऱ्याने प्लास्टिकऐवजी अॅल्युमिनियमची घ्यावी. नटाचं बूड चाकाच्या खोबणीशी जुळलं पाहिजे. शंकूची खोबण आणि गोल बुडाचा नट ही जोडी कधीच करू नका. चाक आत किती बसतं, म्हणजे ऑफसेट, आणि मोठ्या ब्रेक कॅलिपरला आरे घासतात का, हे निव्वळ इंचांवरून कळत नाही. टायर चढवण्याआधी नुसतं चाक हबवर बसवून हाताने फिरवून पाहा, कारण टायर एकदा चढला की बहुतेक दुकानं चाक परत घेत नाहीत.

इंच वाढवतानाही विचार करा. चाक मोठं झालं की टायरच्या भिंतीची उंची कमी होते आणि पावसाळ्यानंतर ८८०वर पडलेले खड्डे थेट रिमला लागतात. माझ्या गाडीला आता अठरा इंची चाकं आहेत आणि ती तितकीच शोभतात.

जुनी चाकं घेताना ताजा रंग दिसला तर जास्त सावध व्हा. रंगाखाली तडा लपतो, आणि पावडर कोटिंगची भट्टी जास्त तापली तर अॅल्युमिनियमला दिलेला मूळ कस उतरू शकतो. वेल्डिंग केलेलं चाक घेऊच नका.

बसवल्यावर नट टॉर्क रेंचनेच आवळा, माझ्या गाडीला १५० फूट-पौंड लागतात. पहिल्या पन्नास ते शंभर मैलांनी पुन्हा तपासा.

माझं तडकलेलं चाक मी करवतीने कापून भंगारात दिलं. तुमच्याकडे असं चाक असेल तर थोड्या डॉलरांसाठी ते कुणाला विकू नका, कापून टाका.