भरधाव मोटारी आणि पोलिसांचा डोळा

इंग्लंडमधील ‘ऑटोमोबाईल असोसिएशन’ ही संस्था आज रस्त्यात बंद पडलेल्या मोटारींना मदत करणारी आणि विमा उतरवणारी एक प्रतिष्ठित संस्था म्हणून ओळखली जाते. परंतु १९०५ साली ती स्थापन झाली, तेव्हा तिचा मुख्य उद्देश काय होता हे सांगितले तर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही. पोलिसांनी रस्त्यावर लावलेल्या वेगाच्या सापळ्यांतून मोटारवाल्यांना सोडवणे, हा तो उद्देश! म्हणजे कायदा मोडणाऱ्यांनी राजरोस वर्गणी काढून, कचेरी थाटून चालवलेली ही संस्था. राज्यशास्त्राच्या वर्गात ‘कायद्याचे राज्य’ हा विषय चालू असताना मला ही गोष्ट आठवली आणि तिच्यामागे लागता लागता हा लेख तयार झाला.

त्या काळची परिस्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. १८६५च्या कायद्याने यांत्रिक वाहनाला उघड्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा दिली होती. १८९६च्या जानेवारीत केंट परगण्यातील पॅडक वुड येथे वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी ८ मैलांनी जाताना सापडले. त्यांना पकडणारा शिपाई सायकलवर होता! दंड झाला एक शिलिंग. पुढे १९०३च्या मोटार कायद्याने ही मर्यादा २० मैलांवर नेली आणि मोटारीला क्रमांकाची पाटी सक्तीची केली. तोवर श्रीमंतांच्या हाती याहून कितीतरी वेगवान मोटारी आल्या होत्या आणि लंडन ते ब्रायटन हा रस्ता तर त्यांच्या हौसेचे मैदानच बनला होता. पोलिसांनी तिथे एक साधी युक्ती केली. एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड अंतर मोजायचे, दोन्ही टोकांना झुडपाआड शिपाई बसवायचे आणि घड्याळ लावायचे. २० मैलांच्या वेगाने एक फर्लांग जायला साडेबावीस सेकंद लागतात. त्याहून लवकर आला तो गुन्हेगार.

यावर असोसिएशनने सायकलस्वार नेमले. सापळा कुठे आहे ते हेरायचे आणि येणाऱ्या सभासदाला आधीच इशारा द्यायचा, हे त्यांचे काम. प्रकरण अर्थातच न्यायालयात गेले. १९०७च्या निवाड्यांत नोंदलेल्या एका खटल्यात न्यायालय म्हणाले की, ज्यांना इशारा दिला ते त्या वेळी वेगमर्यादा ओलांडत होते असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा पोलिसांच्या कामात अडथळा झाला असे म्हणता येणार नाही. १९१०च्या निवाड्यांत मात्र ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ हा खटला नोंदलेला आहे. त्यात इशारा मिळाला तेव्हा मोटारी आधीच मर्यादेबाहेर धावत होत्या. इशाऱ्यामुळे त्या हळू झाल्या आणि पोलिसांचा पुरावा गेला. सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टोन यांच्या न्यायालयाने हा अडथळाच ठरवला. वरवर पाहता दोन्ही खटल्यांत कृती एकच. फरक एवढाच, की पहिल्यात माणसाला गुन्ह्यापासून परावृत्त केले असे म्हणता येते, तर दुसऱ्यात घडून गेलेला गुन्हा लपवायला हात दिला.

पुढचा डाव मला या सगळ्या इतिहासात सर्वांत चतुर वाटतो. असोसिएशनच्या रस्त्यावरील माणसांनी मोटारीवर संस्थेचा बिल्ला दिसला की सभासदाला सलाम करायचा, अशी पद्धत पाडण्यात आली. आणि सभासदांना सूचना अशी, की आमच्या माणसाने सलाम केला नाही तर थांबून त्याचे कारण विचारावे. सलाम नाही, याचा अर्थ पुढे सापळा आहे! आता सलाम न केल्याबद्दल कोणावर खटला भरणार? ही प्रथा १९६०च्या सुमारापर्यंत टिकली. शिष्टाचाराचा असा उपयोग इंग्रजांनीच करावा.

इथून आपल्याला अमेरिकेत जावे लागते, कारण झुडपाआडच्या घड्याळाची जागा तिथे रडारने घेतली. दुसऱ्या महायुद्धात विमाने शोधण्यासाठी वाढलेली ही विद्या १९४७च्या सुमारास कनेक्टिकट राज्यात मोटारींचा वेग मोजायला वापरली गेली. तिच्या मुळाशी ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडलेले तत्त्व आहे. (कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये, मीही हे विज्ञान शाखेतल्या मित्राकडूनच समजून घेतले.) रेल्वेच्या फाटकाशी उभे राहिले की जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी उंच लागते आणि गाडी पुढे गेली की एकदम उतरते. रडारच्या लहरींचेही तसेच. जुन्या पोलिसी रडारमधून सेकंदाला सुमारे १,०५२ कोटी आवर्तनांची लहर निघत असे. ती ताशी १०० किलोमीटरने समोरून येणाऱ्या मोटारीवर आपटून परतली, की तिच्यात जेमतेम १,९५० आवर्तनांची वाढ झालेली असते. एवढासा फरक मोजला की वेग कळला.

मग पळवाट कुठे राहिली? रात्री उसात कोणी शिरला आहे अशी शंका येऊन राखणदार बॅटरी घेऊन निघाला, तर राखणदाराला चोर दिसण्याच्या कितीतरी आधी चोराला बॅटरी दिसते. कारण उजेड चोरापर्यंत एकदाच जायचा असतो. राखणदाराला मात्र तो चोरावर आपटून परत यावा लागतो. अंतर दुप्पट झाले की चोरापर्यंत पोचणारा उजेड चौथाई होतो, तर राखणदाराकडे परतणारा एक सोळांश. पोलिसांच्या रडारची हीच जन्मजात दुबळी बाजू. म्हणून मोटारीत काचेजवळ एक लहानसा ग्राहक ठेवला, तर पोलिसांना वेग कळण्याआधी चालकाला पोलीस कळतात. १९७८ साली सिनसिनाटी येथे तयार झालेला ‘एस्कॉर्ट’ हा ग्राहक इतका तीक्ष्ण होता, की वेगवान मोटारी बाळगणाऱ्यांत त्याचे मोठेच नाव झाले.

पोलीसही गप्प बसले नाहीत. त्यांनी बॅटरी विझवून बसायला सुरुवात केली. मोटार टप्प्यात आली की क्षणभर रडार लावायचे. ग्राहकाने ओरडेपर्यंत वेग नोंदलेला असे. शिवाय ग्राहकातून स्वतःच्याही क्षीण लहरी बाहेर पडतात. व्हर्जिनिया राज्यात ग्राहक बाळगायलाच बंदी असल्यामुळे तिथल्या पोलिसांनी त्या लहरी टिपणारे यंत्र आणले. लपलेल्याला त्याच्या श्वासावरून शोधावे, तसा हा प्रकार.

सर्वसामान्य अमेरिकन माणूस या खेळात का उतरला, हे समजण्यासाठी १९७३ची तेलटंचाई लक्षात घ्यावी लागते. १९७४च्या जानेवारीत अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. हेतू पेट्रोल वाचवण्याचा होता. सरळ, रुंद, मोकळ्या रस्त्यावर ही मर्यादा लोकांना पटली नाही. ट्रकचालक बिनतारी यंत्रावरून, कोणत्या मैलाच्या दगडाशी पोलीस उभा आहे ते एकमेकांना सांगू लागले. कायदा पटला नाही की तो चुकवण्यात लाज वाटेनाशी होते. ही मर्यादा १९९५ साली रद्द झाली, सवय मात्र राहिली.

क्रीडामोटारवाल्यांनी तर तिचा पराक्रम केला. ब्रॉक येट्स या मोटारविषयक पत्रकाराने १९७१ साली न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत ‘कॅननबॉल’ ही बेकायदा शर्यत सुरू केली. त्याने आणि डॅन गर्नी या नामवंत शर्यतपटूने फेरारी डेटोना मोटार ३५ तास ५४ मिनिटांत पलीकडे नेली. सरासरी निघते ताशी सुमारे ८० मैल. १९७९ साली एका जॅग्वारने ३२ तास ५१ मिनिटे घेतली. पुढे २०२०च्या मे महिन्यात, महामारीमुळे रस्ते ओस पडले असताना, हा प्रवास २५ तास ३९ मिनिटांत झाला. तोपर्यंत लाल रंगाची, जमिनीलगतची फेरारी मागे पडली होती. विक्रम करणारी मोटार होती एक ऑडी आणि तिला लांबून पाहिल्यास पोलिसांची फोर्ड वाटावी असे रूप दिले होते! ज्याला नजर चुकवायची आहे त्याला देखणी मोटार परवडत नाही, हे या मंडळींना अनुभवाने कळले असावे. या विक्रमांविषयी वाचताना मन थरारते हे मी नाकारत नाही; पण त्याच रस्त्यावर त्या दिवशी कोणीतरी मुलाबाळांना घेऊन चालले असणार, त्याला या शर्यतीची कल्पनाही नव्हती.

१९९०नंतर पोलिसांच्या हाती लेसर आला. त्याचा झोत इतका अरुंद, की हजार फुटांवरही तो तीन-चार फुटांपलीकडे पसरत नाही. पोलीस नेम धरतात तो क्रमांकाच्या पाटीवर किंवा दिव्यांवर, कारण तिथून प्रकाश चांगला परततो. उताराच्या नाकाच्या बसक्या क्रीडामोटारीवर नेम धरणे थोडे अवघड, एवढाच तिचा फायदा. ग्राहक बोलतो तो बहुधा सगळे आटोपल्यावर. म्हणून काहींनी झोताला गोंधळवणारी यंत्रे बसवली. ब्रिटनमध्ये अशा चालकांवर न्यायदानात अडथळा आणल्याचा आरोप ठेवला गेला आणि तुरुंगवासाच्या शिक्षाही झाल्या. म्हणजे वेगाबद्दल दंड आणि लपवण्याबद्दल तुरुंग. १९१०च्या त्या निवाड्याशी याचे नाते उघड आहे.

यंत्रांचा हा इतिहास हॉलंडच्या मॉरिस गॅटसोनाइड्स यांच्याशिवाय पुरा होत नाही. हा गृहस्थ स्वतः अव्वल दर्जाचा शर्यतपटू. १९५३ साली माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती कमी होतो ते कळावे, म्हणजे आणखी वेगाने जाता येईल, यासाठी त्याने एक मोजयंत्र बनवले. त्यातूनच पुढे जगभर रस्त्यांच्या कडेला उभे राहिलेले ‘गॅटसो’ कॅमेरे निघाले. वेगवेड्यांना त्यांच्यातल्याच एकाने धरून दिले.

तरीही हे कॅमेरे, रडार, लेसर, सगळ्यांत एक उणीव सारखीच होती. ते एका ठिकाणी, एका क्षणी पाहत. आणि सलामापासून आजच्या मोबाईलवरील ‘वेझ’पर्यंतच्या साऱ्या पळवाटा तो क्षण कुठे आहे एवढेच सांगतात. चालक तेवढ्यापुरता पाय काढतो आणि पुढे पुन्हा दाबतो. आपल्याकडे समोरून येणारा ट्रकवाला डिपर मारून ‘पुढे पोलीस आहेत’ असे सुचवतो, तोही असोसिएशनच्या त्या सायकलस्वाराचाच वारसदार. जर्मनीत तर चालकाने गाडी चालवताना असा इशारा देणारे साधन वापरायला बंदी, पण नभोवाणी केंद्रे कॅमेऱ्यांची ठिकाणे खुशाल सांगतात!

ही उणीव शेवटी भरून काढली ती साध्या त्रैराशिकाने. १९९०नंतरच्या दशकात हॉलंड आणि ब्रिटनमध्ये दोन ठिकाणी क्रमांकाची पाटी वाचून, मधले अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढणारे कॅमेरे आले. एका अर्थी हा ब्रायटन रस्त्यावरचा जुना फर्लांगच. फक्त तो आता कित्येक मैल लांब झाला आणि झुडपातले शिपाई गेले. कॅमेरा कुठे आहे हे ठाऊक असून उपयोग नाही. रस्त्यावर पाट्या लावून तो जाहीरच केलेला असतो.

आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही २०२४ साली अशी सरासरी मोजणारी यंत्रणा सुरू झाली. तेव्हा गणित करून पाहू. मर्यादा ताशी १०० किलोमीटर आणि दोन कॅमेऱ्यांत समजा २० किलोमीटर अंतर आहे. कायद्याने हे अंतर कापायला १२ मिनिटे लागतात. एखादा १३०च्या वेगाने सव्वानऊ मिनिटांत दुसऱ्या कॅमेऱ्याजवळ आला, तर सुटण्यासाठी त्याला अलीकडे पावणेतीन मिनिटे गाडी उभी करून बसावे लागेल. आणि द्रुतगती मार्गाच्या कडेला विनाकारण गाडी उभी करणे हाही गुन्हाच आहे.