बर्लिनमधील १०० क्रमांकाची बस

राजधान्यांची नावे घोकून घेतली, तरी ती शहरे मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाहीत. त्याकरिता एखाद्या बसमार्गाचा आधार घेऊन पाहावा. जर्मनीची राजधानी बर्लिन येथील १०० क्रमांकाची दुमजली बस या कामी सोयीची आहे.

ही बस शहराच्या पश्चिम भागातील प्राणिसंग्रहालयाच्या रेल्वे स्थानकापासून निघते. जवळच भग्न मनोऱ्याचे चर्च आहे. १९४३ च्या बाँबवर्षावात ते उद्ध्वस्त झाले. मनोरा मात्र मुद्दाम तसाच राखला आहे. पुढे टियरगार्टन हे विस्तीर्ण उद्यान, विजयस्तंभ, संसदभवन आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजा.

येथे शिक्षकांनी थोडे थांबावे. या दरवाजाजवळूनच पूर्व जर्मनीच्या सरकारने १९६१ साली उभारलेली भिंत जात होती. आपले नागरिक पश्चिमेस निघून जाऊ नयेत, हा तिचा हेतू. एकाच शहरातील आप्तांची तिने २८ वर्षे ताटातूट केली. नोव्हेंबर १९८९ मध्ये ती खुली झाली आणि पुढील वर्षीच ही बस दोन्ही भागांना जोडीत आलेक्झांडरप्लाट्झ या पूर्वेकडील चौकापर्यंत धावू लागली. सनावळी पाठ करून घेण्याची येथे घाई करू नये.

फळ्यावर बसमार्गाची आडवी रेघ काढून तिला छेदणारी भिंतीची उभी रेघ काढावी. आजी पलीकडे राहत असती तर काय झाले असते, हे मुलांना बोलू द्यावे. मग ती उभी रेघ एखाद्या मुलाकडूनच पुसवून घ्यावी.