फुकट नको, माफक दरात द्या

प्रश्न : लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खेड्यापाड्यांतून आलेली मुले एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या कपड्यांचा स्वस्त बाजार भरवावा का?

उत्तर : जरूर भरवावा, फक्त कपडे फुकट वाटू नयेत. २०१६च्या सुमारास कोल्हापुरासह राज्यात ठिकठिकाणी ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. नको ते ठेवा, हवे ते न्या. हेतू चांगलाच, पण तिथे देणाऱ्या-घेणाऱ्याची सहसा गाठ पडत नाही. शिवाय वर्गमित्राने पाहिले तर, हा संकोच विशीच्या आतल्या पोराला फार बोचतो.

तीस रुपये मोजले की तोच गिऱ्हाईक होतो, हक्काने घासाघीस करतो. बोहारीण जुन्या लुगड्यांवर भांडे देते, तेव्हाही दोन्ही बाजू तोलामोलाने बोलतात. अंशू गुप्ता यांच्या, १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘गूंज’ या संस्थेनेही हेच सूत्र धरले : गावकऱ्यांनी गावाचे काम करायचे, मोबदल्यात कपडे घ्यायचे.

मैत्री मात्र जुळते ती बाजाराच्या आदल्या दिवशी. तुटलेली बटणे लावणे, पँटची चेन बदलणे, इस्त्री, मापाप्रमाणे गठ्ठे, हे सारे मुलामुलींनीच करावे. जवळच्या एखाद्या शिंप्याला मशीनसह बोलवावे. फाटके-मळके तिथेच बाजूला काढावे.

मे महिन्यात ‘नीट’ परीक्षा आटोपून खोल्या सोडणाऱ्यांकडून कपडे गोळा करावेत आणि जूनमध्ये नवी मुले आली की बाजार मांडावा.