हरणाऱ्या संघात वीस वर्षं

पुण्यात शाळकरी मुलांना क्रिकेट शिकवताना उदाहरणं लागतातच. सचिन आणि विराट मुलांना घरूनच माहीत असतात. मी मात्र बांगलादेशच्या मुशफिकुर रहीमचं नाव घेतो आणि पालकांना त्याचं नवल वाटतं. माझं म्हणणं असं, की सचिनसारखी देणगी लाखात एकाला मिळते आणि जिंकणारा संघही प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. माझ्या हाताखालची बहुतेक मुलं कुठल्या तरी दुबळ्या शाळेच्या, दुबळ्या क्लबच्या संघातून खेळणार आहेत. त्यांनी कसं खेळायचं, हे मुशफिकुरइतकं चांगलं दाखवणारा फलंदाज मला माहीत नाही.

१. उंचीचं रडगाणं गाऊ नये.

‘उंची कमी आहे हो, जमेल ना त्याला?’ हा प्रश्न दर मोसमात येतोच. मुशफिकुर मूळचा बोगुड्याचा, ढाक्याजवळच्या सावर इथल्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. उंची जेमतेम सव्वापाच फूट. मे २००५ मध्ये तो लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला, तेव्हा चेहऱ्यावरचं पोरपणही गेलं नव्हतं. संघात यष्टिरक्षक होता, म्हणून याला निव्वळ फलंदाज म्हणून घेतलं होतं, कारण त्याआधीच नॉर्थम्प्टनशायरविरुद्ध सराव सामन्यात त्यानं शतक ठोकलं होतं. लॉर्ड्सवर बांगलादेशचा पहिला डाव १०८ धावांत आटोपला. दोन आकडी धावा तिघांनाच करता आल्या आणि १९ धावा करणारा हा मुलगा त्यांतला एक होता.

त्याचा स्लॉग स्वीप मी मुलांना मोबाइलवर थांबवून थांबवून दाखवतो. डावा पाय लेगच्या बाजूला मोकळा टाकलेला, उजवा गुडघा जमिनीला टेकलेला, डोकं चेंडूच्या रेषेत आणि बॅट मिडविकेटच्या दिशेनं पूर्ण फिरलेली. उंच मुलांना इतकं खाली बसायला वेळ लागतो, हा आधीच खाली असतो.

२. ऐच्छिक सराव ऐच्छिक मानू नये.

सरावाला सुट्टी असली तरी मुशफिकुर मीरपूरच्या नेटमध्ये सापडणार, हे बांगलादेशच्या क्रिकेटमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. यावर जास्त बोलायची गरज नाही. मुलांनी वेळेवर यावं, एवढं म्हणतो.

३. ज्या फटक्यानं घात केला, तो फटका टाकून देऊ नये.

२३ मार्च २०१६, बंगळूर, टी-ट्वेंटी विश्वचषक. भारताविरुद्ध शेवटच्या षटकात ११ धावा हव्यात आणि चेंडू हार्दिक पांड्याच्या हातात. पहिल्या चेंडूवर एक धाव निघाली. मग मुशफिकुरनं लागोपाठ दोन चौकार मारले आणि मूठ आवळून जल्लोष केला. तीन चेंडूंत दोन धावा उरल्या होत्या. पुढचा चेंडू त्यानं मिडविकेटकडे उचलला आणि सीमेजवळ शिखर धवननं झेल घेतला. त्यापाठोपाठ महमुदुल्लाही झेल देऊन गेला. शेवटच्या चेंडूवर धोनी धावत आला, यष्ट्या उडवल्या आणि बांगलादेश एका धावेनं हरला.

आपल्याकडे धोनीची ती धाव आठवून आजही लोक खूश होतात. मला त्या सामन्यात मुशफिकुर दिसतो. एकेरी धाव घेऊन बरोबरी साधता आली असती, हे मुलांना सांगतोच. पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

३ नोव्हेंबर २०१९, दिल्ली. धुरकट हवा, पुन्हा भारत, पुन्हा पाठलाग. मुशफिकुर ३८ वर असताना त्यानं चहलला पुन्हा मिडविकेटकडेच उचललं आणि सीमेवर कृणाल पांड्याच्या हातून झेल सुटला. नशिबानं दिलेला हा जीव त्यानं वाया जाऊ दिला नाही. एकोणिसाव्या षटकात खलील अहमदला ओळीनं चार चौकार मारले आणि ४३ चेंडूंत नाबाद ६० धावा केल्या. टी-ट्वेंटीत बांगलादेशनं भारताला पहिल्यांदा हरवलं. बंगळूरला हात पोळले म्हणून त्यानं तो फटका बासनात बांधला असता, तर दिल्ली घडली नसती. आणि लगेच आठवड्यानं नागपूरच्या जामठ्याला, मालिकेच्या निर्णायक सामन्यात, शिवम दुबेनं त्याचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. हेही मी मुलांना न लपवता सांगतो.

४. कधी कधी चूक नसतेच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना गहुंज्याला झाला, तेव्हा काही मुलांना घेऊन गेलो होतो. मुशफिकुर ३८ वर होता, धावगती वाढवायची वेळ झाली होती. बुमराचा चेंडू त्यानं कट केला आणि पॉइंटला जडेजानं उजवीकडे झेपावून हवेतच झेल टिपला. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी, आमची मुलंही नाचत होती. एका मुलानं मात्र विचारलं, ‘सर, त्याचं चुकलं काय?’ काही नाही चुकलं. त्याच्या जागी मी तोच फटका मारायला सांगितला असता.

५. हरलेल्या सामन्यातल्या धावा मोजायच्या.

यावर माझा पालकांशी नेहमी वाद होतो. ‘सेंच्युरी मारून मॅच हरली, काय उपयोग?’ असं ते मुलासमोरच म्हणतात. मला ते सहन होत नाही. जानेवारी २०१७ मध्ये वेलिंग्टनला मुशफिकुरनं १५९ धावा केल्या, शाकिब अल हसनबरोबर ३५९ धावांची भागी केली, संघानं ५९५ वर डाव घोषित केला आणि तरी सामना गेला. दुसऱ्या डावात साउदीचा बाउन्सर हेल्मेटवर आदळून त्याला रुग्णालयात न्यावं लागलं, ते वेगळंच. मे २०२२ मध्ये मीरपूरला श्रीलंकेविरुद्ध धावफलक होता पाच बाद २४. तिथून लिटन दासबरोबर २७२ धावांची भागी, स्वतःच्या नाबाद १७५. तोही सामना हरले.

या धावा वाया गेल्या, असं मानणारा माणूस ऑगस्ट २०२४ मध्ये रावळपिंडीला १९१ पर्यंत पोचत नाही. तिथं पाकिस्ताननं सहा बाद ४४८ वर डाव सोडला होता. बांगलादेशनं ५६५ केल्या, मुशफिकुर आणि मेहदी हसन मिराझनं सातव्या विकेटला १९६ जोडल्या आणि कसोटीत पाकिस्तानला पहिल्यांदाच हरवलं, तेही दहा गडी राखून. सामनावीराची रक्कम त्यानं देशातल्या पूरग्रस्तांना देऊन टाकली. २०१८ च्या आशिया चषकात दुबईला बरगडी दुखत असताना १४४ धावा काढल्या, मनगट मोडलेला तमीम इक्बाल एका हातानं त्याला साथ द्यायला आला होता. तो डाव तर जगभर गाजला. मला मात्र मीरपूरचे ते १७५ त्याहून मोठे वाटतात.

६. चेंडूला हात लावायचा नाही. कधीच नाही.

डिसेंबर २०२३, मीरपूर, न्यूझीलंडविरुद्धची कसोटी. जेमिसनचा चेंडू खेळल्यावर उसळून बाजूला चालला होता, यष्ट्यांकडे जातही नव्हता, आणि मुशफिकुरनं तो हातानं ढकलला. क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद. असा बाद झालेला बांगलादेशचा तो पहिला फलंदाज. नेटमध्ये बॉल हातानं उचलून गोलंदाजाकडे टाकायची सवय आपल्या मुलांना आहे. मी ती मोडून काढतो आहे. चेंडू पायाजवळ थांबलेला असला तरी गोलंदाजानंच यायचं.

७. ग्लोव्हज उतरवायला लाज वाटू देऊ नये.

यष्टिरक्षक म्हणून कसोटीत दोन द्विशतकं करणारा जगातला तो पहिला: २०१३ मध्ये गॉलला २०० आणि २०१८ मध्ये मीरपूरला नाबाद २१९. पुढे कसोटीतलं यष्टिरक्षण लिटनकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये निव्वळ फलंदाज म्हणून खेळताना मुशफिकुरनं नाबाद २०३ केल्या. कप्तानपदाचंही तसंच. त्याच्या नेतृत्वाखाली बांगलादेशनं इंग्लंड, श्रीलंका आणि ऑस्ट्रेलिया यांना कसोटीत पहिल्यांदा हरवलं. मग २०१७ च्या अखेरीस ते पद गेलं. तो खेळत राहिला.

टी-ट्वेंटी २०२२ मध्ये सोडली, एकदिवसीय क्रिकेट मार्च २०२५ मध्ये, कसोटी तेवढी ठेवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मीरपूरला आयर्लंडविरुद्ध तो शंभरावी कसोटी खेळला. इतक्या कसोटी खेळणारा बांगलादेशचा तो पहिलाच. पहिल्या दिवसअखेर ९९ वर नाबाद होता, दुसऱ्या दिवशी १०६ वर बाद झाला. सामना बांगलादेशनं जिंकला.

८. अभ्यास सोडायचा नाही.

मुशफिकुर जहांगीरनगर विद्यापीठात इतिहास शिकला, तेही आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळत असताना. दहावीच्या वर्षात मुलाचं क्रिकेट बंद करावं का, असं विचारायला येणाऱ्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगतो आणि सकाळी साडेसहाच्या नेटला पाठवायला सांगतो. आठला मूल घरी पोचतं, शाळेचा पूर्ण दिवस त्याच्या हातात असतो.