बालवाडीची बाई कशी वाढते?

मूल वाढते ते डोळ्यांना दिसते. झबले आखूड होते, चप्पल पायाला लागते. पण मुलांना शिकवणारी बाई वाढली हे कशावरून ओळखावे? नोकरीची वर्षे मोजून ते कळत नाही. वीस वर्षे तीच गाणी आणि तेच "गप्प बसा" चालले असेल, तर बाई होती तिथेच राहिली म्हणायची.

आपल्या वर्गाला येणाऱ्या काही बाया अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्या म्हणतात, "गुरुजी, आम्ही खिचडी शिजवतो, पोरं गोळा करतो. शिकवायचं काम सेविकेचं. आम्ही वाढायचं ते काय?"

बायांनो, अनुताई वाघांची हकिगत ऐका. त्यांचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीला घराचा कोपराच दाखवीत. त्या मात्र शिकत राहिल्या. १९२५ साली व्हर्नाक्युलर फायनल झाली. मग शिक्षिकेची नोकरी धरली. नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेत जाऊन १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. बी. ए. झाल्या १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी! (मी मॅट्रिकपाशीच थांबलो. असो.)

पण परीक्षा ही वाढीची एक बाजू झाली. दुसरी बाजू बोर्डीला दिसते. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डी गावी बालशिक्षणाचे केंद्र काढले, तिथे अनुताई गेल्या. ताराबाई काही नवख्या नव्हत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी काम केलेले होते. तरी खेड्यात अडचण आलीच. गरिबांची, आदिवासींची मुले शाळेत येईनात. येणार कशी? थोरलं पोर धाकट्याला कडेवर घेऊन हिंडतंय, आईबाप मजुरीला गेलेले! तेव्हा बायाच वस्तीवर जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, गोष्ट सांगायची. त्यातूनच अंगणवाडी उभी राहिली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. सरकारची बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव आहे.

मॉंटेसरीबाईंची साधने नामी, पण महाग. खेड्यात ती कोण घेणार? मग शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. चिंचोके मोजता येतात, लहानमोठे खडे वेगळे करता येतात. मूल काय हाताळते, कशात रमते, हे पाहून बाईने आपली रीत बदलायची. मी वाढ म्हणतो ती हीच.

आता तुमचे काम पाहा. तीन-चार वर्षांच्या पोराच्या हाती पेन्सिल देऊन "अ काढ" म्हणून आई मागे लागते. त्याची बोटे अजून कोवळी आहेत. त्याला आधी माती मळू दे, मणी ओवू दे, शेंगा सोलू दे. बोटांत बळ आले की अक्षर आपोआप सरळ येते. हे आईला पटवून सांगणे सोपे नाही, ती भांडायलाही उठेल. पण पोरे आणायला घरोघर तुम्हीच जाता. सेविकेपेक्षा तुमचे म्हणणे ती लवकर ऐकेल.

आणि तुम्हाला आता लिहिता येते! एक चाळीस पानी वही करा. रोज एकाच पोराकडे नीट बघा आणि दोन ओळी लिहा. उदाहरणार्थ : "आज चिंगी कुणाशी बोलली नाही. बाहुलीशी मात्र वारलीत बोलली." एवढे लिहिले की दुसऱ्या दिवशी तुम्हीच चिंगीशी वारलीत बोलाल, आणि चिंगी तोंड उघडेल. महिन्याच्या बैठकीला ही वही न्या. मुख्यसेविका बाई विचारतील तेव्हा मान खाली घालू नका, वाचून दाखवा.

आजचा अभ्यास असा. घरी किंवा अंगणवाडीत एका मुलाकडे पाव तास पाहा. त्याने काय केले, ते दोन ओळींत लिहून आणा. वर तारीख घाला. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल, ते आपण उद्या फळ्यावर पाहू.