योग्यता, पूजा आणि परमेश्वराचे प्रेम

पोथीवाचन संपून मंडळी दंडवत घालून उठू लागली असता, नव्यानेच श्रवणास येऊ लागलेल्या एका वृद्ध बाईंनी आम्हांस प्रश्न केला : "बाबा, चाळीस वर्षे सोमवार केले, नवस फेडले, सोवळे कधी मोडले नाही. तरी माझा कर्ता मुलगा गेला. माझ्या सेवेत काय उणे राहिले? की देवाच्या प्रेमाला मी पात्रच नव्हते?"

मंडळी स्तब्ध झाली. त्या वेळी आम्ही एवढेच म्हणालो, "आई, तुमच्या सेवेत उणे होते म्हणून मुलगा गेला, असे कोणी सांगितले असेल तर ते शास्त्र नव्हे." परंतु उत्तर अपुरे होते. त्या माउलीच्या प्रश्नामागे ज्या दोन समजुती आहेत, त्या केवळ तिच्याच नव्हेत. आपणांपैकी अनेकांच्या मनात त्या घर करून आहेत. म्हणून त्यांचा येथे क्रमाने विचार करू.

पहिली समजूत अशी की, जितकी पूजा अधिक, तितकी कृपा अधिक. उपवासांची संख्या, नैवेद्याचे मोल, नवसाचा थोरपणा यांवर देवाची प्रसन्नता अवलंबून असते, असे लोक मानतात. ब्रह्मविद्येच्या दृष्टीने या समजुतीचे मूळ पदार्थांच्या अज्ञानात आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ सर्वज्ञांनी वेगवेगळे करून दाखविले. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य आणि परमेश्वर नित्यमुक्त. देवतांपासून मिळणारे फळ मोजके असते. जसे कर्म तसे फळ, आणि ते भोगून सरले की जीव पुन्हा आहे तेथेच. श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातही भगवान श्रीकृष्णांनी देवतांच्या भक्तांची गती वेगळी आणि आपल्या भक्तांची गती वेगळी सांगितली आहे. म्हणून मोजमापाची भाषा देवताभक्तीत शोभते. परमेश्वराच्या ठिकाणी ती लागू पडत नाही.

कारण मोल कोणास द्यावयाचे असते? ज्याला काही उणे असते, त्यास. दुकानदारास पैशांची गरज असते, म्हणून तो माल देतो. जो पूर्ण आहे, त्याला आपल्या एकवीस मोदकांची वा एकशे आठ प्रदक्षिणांची कोणती गरज? त्याच नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी यांचा जो उल्लेख आहे, त्याचे मर्म हेच. तेथे वस्तूचे मोल नाही, भाव आहे.

या समजुतीचा खरा दोष तर दुःखाच्या प्रसंगी उघड होतो. पूजा हा व्यवहार मानला की दुःख हा अपराधाचा पुरावा ठरतो. ज्याची शेती पिकली, तो म्हणतो, देव माझ्यावर प्रसन्न आहे. जिचा पुत्र गेला, ती म्हणते, देवाने मला टाकले. दोघांचेही अनुमान चुकीचे आहे. देहाची सुखदुःखे कर्मानुसार येतात, हे खरे. पण ती परमेश्वराच्या प्रेमाची मापे नव्हेत. शिवाय अमक्याला अमक्या कर्मामुळे हे दुःख आले, असे बोट ठेवून सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? शोकाकुल घरी जाऊन कर्माचा सिद्धांत ऐकविणे हे ज्ञान नव्हे, निष्ठुरता होय. श्रीचक्रधर स्वामी उत्तरेस निघून गेल्यावर नागदेवाचार्यांसह सर्व शिष्यमंडळी विरहदुःखाने व्याकूळ झाली. ते दुःख त्यांच्या अयोग्यतेचे लक्षण होते, असे कोण म्हणेल? ते तर प्रेमाचेच लक्षण होते.

दुसरी समजूत पहिलीहून सूक्ष्म आहे. देव सर्वांचा असला तरी प्रेम करतो तो योग्यांवरच, असे लोक समजतात. आणि योग्यता म्हणजे काय, तर उत्तम कुळ, विद्या, पुरुषदेह, सोवळे. या चारही गोष्टी पंथाच्या आद्यग्रंथांवर घासून पाहू.

प्रथम विद्या घेऊ. म्हाइंभट हे सराळ्याचे व्युत्पन्न पंडित. विद्येचा अभिमान घेऊन ते स्वामींशी वाद करण्यास आले आणि निरुत्तर झाले. ज्या विद्येमुळे ते स्वतःस पात्र समजत होते, तीच आड येत होती. अभिमान गळाल्यावर मात्र त्याच म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या आठवणी परिश्रमाने गोळा करून सुमारे शके १२०० (इ.स. १२७८) मध्ये लीळाचरित्र सिद्ध केले. विद्या तीच, पूर्वी ती मिरवण्याची वस्तू होती, पुढे सेवेची झाली.

आता देह आणि सोवळे. विटाळाविषयी शिष्येशी बोलताना स्वामींनी स्त्रीच्या ऋतुस्रावाची गणना शरीराच्या इतर स्रावांतच केली. नाकातून, कानातून मळ वाहतो, तसाच तोही देहाचा धर्म. त्याने जीवास विटाळ होत नाही. हे तेराव्या शतकातील निरूपण आहे, हे ध्यानात घ्यावे. आज इतक्या शतकांनंतरही त्या चार दिवसांत स्मरणदेखील न करणाऱ्या भगिनी आपल्या गावोगावी आहेत.

मग कुळ. श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात, पाण्यावाचून कष्टी झालेल्या मातंगांची विनवणी ऐकून प्रभूंनी त्यांना विहिरीचे पाणी मिळवून दिल्याची लीळा आहे. तेथे कुळ पाहिले गेले नाही, आचाराची परीक्षा झाली नाही. तहान होती, तेवढे पुरे झाले.

आणि नागदेवाचार्यांचा तो प्रसिद्ध निग्रह पाहा. शिष्यांचा ओढा संस्कृतकडे असता आचार्यांनी तो मोडून काढला. कारण त्यामुळे पंथातील साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. ज्या म्हाताऱ्यांना इतरत्र कोणी मोजत नव्हते, त्यांच्यासाठी शास्त्राची भाषा ठरली.

या सर्वांचा निष्कर्ष काय? प्रत्येक जीवास अनादी अविद्या लागलेली आहे. त्या बाबतीत ब्राह्मण आणि मातंग, पंडित आणि अक्षरशत्रू, पुरुष आणि स्त्री सारखेच. कोणताही जीव जन्मतः पात्र नाही. म्हणूनच कोणी जन्मतः अपात्रही नाही. परमेश्वर अवतार स्वीकारतो तो जीव योग्य झाले म्हणून नव्हे, तर ते बद्ध आहेत म्हणून. योग्यता ही कृपेची अट नसून कृपेचा परिणाम आहे.

येथे शंका येईल : असे असेल तर अटन, भिक्षा, विजन, स्मरण हा आचार कशासाठी? कृपा मोल घेत नसेल तर आचाराचे कष्ट व्यर्थ नव्हेत काय?

समाधान असे. विहिरीतून पाणी काढण्यास दोर लागतो. दोराने पाणी निर्माण होत नाही, आणि दोर हे विहिरीने मागितलेले मोलही नव्हे. ज्याचा दोर सुंदर वळलेला, त्याचे पाणी अधिक गोड असेही नाही. तथापि दोर टाकून देऊन काठावर बसणाऱ्याची तहान भागत नाही. सन्निधानी प्रत्यक्ष देवच ओंजळीत पाणी घालीत होते. आज असन्निधानी आचार हा आपला दोर आहे. तो सांभाळावा, पण तो खांद्यावर टाकून मिरवू नये. अनन्यतेचेही असेच आहे. दुसऱ्या कोरड्या आडात दोर सोडू नये, एवढाच तिचा अर्थ; ती पाण्याची किंमत नव्हे.

ही सावधगिरी आपण उपदेशी मंडळींनी विशेष बाळगली पाहिजे. आपण नवस सोडले, देवताभक्ती सोडली. पण "आम्ही सोडले, म्हणून आम्ही पात्र" हा भाव मनात शिरला तर जुना बाजार नव्या जागी मांडल्यासारखे झाले. मग दारी आलेल्या त्या शोकाकुल माउलीस आपण मनोमन मोजू लागतो, आणि ज्या समजुतीचे खंडन करावयाचे, तिचेच आपण पाईक होतो.

पुढील खेपेस त्या बाई आल्या तेव्हा त्यांनी विचारले, "मग आता मी कोणते प्रायश्चित्त घेऊ?" त्यांना सांगितले, "आई, मुलासाठी रडलात त्याला प्रायश्चित्त नाही. देवास काही देऊन त्याचे प्रेम मिळवावयाचे, हा हिशेब तेवढा सोडा. जमेल तितके नाम घ्या. मन लागले नाही तरी घ्या. आपण पात्र की अपात्र, हा विचार तुम्ही करू नका. ते ओझे तुमचे नव्हेच."

त्या काही बोलल्या नाहीत. मात्र त्या दिवशी प्रथमच पोथी संपेपर्यंत पुढे येऊन बसल्या. एरवी त्या दाराशी बसत असत.

दंडवत प्रणाम.